वारांची कोडी आणि आपली मुले

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात बिरवाडी येथे दिलेले व्याख्यान)



गुणगौरवाचा समारंभ आटोपला की पाहुण्याने विद्यार्थ्यांस चार उपदेशाचे शब्द सांगावेत, असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. 'कष्ट करा, यश तुमचेच आहे' हे वाक्य अशा व्यासपीठांवरून इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की, मांडवाच्या खांबांनाही ते आता पाठ झाले असेल. कष्ट केले पाहिजेत हे खरेच. परंतु ते कोठे करावेत आणि कसे करावेत, हे मात्र बहुधा कोणी सांगत नाही. यास्तव उपदेश बाजूस ठेवून एका अगदी लहान विषयावर बोलण्याची अनुज्ञा मी अध्यक्षांकडे मागितली व त्यांनी ती उदार मनाने दिली. तो विषय म्हणजे स्पर्धा-परीक्षांत विचारली जाणारी वारांची व वेळापत्रकांची कोडी.

वडीलधाऱ्या मंडळींपैकी काहींना वाटेल, कोडी ही काय व्याख्यानाची वस्तू झाली? त्यांनी क्षणभर आकड्यांकडे पाहावे. सरकारी बँकांतील अधिकाऱ्यांच्या व लिपिकांच्या जागांसाठी जी सामाईक पूर्वपरीक्षा होते, तीत तर्कशक्तीचे ३५ प्रश्न २० मिनिटांत सोडवावयाचे असतात, आणि त्यांतील मोठा वाटा अशाच कोड्यांचा असतो. संघ लोकसेवा आयोगाने २०११ साली आणि आपल्या राज्याच्या आयोगाने २०१३ साली पूर्वपरीक्षेत अभिवृत्ती-चाचणीची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आणली, तीतही यांचे स्थान आहे. दिल्लीच्या परीक्षेत ही प्रश्नपत्रिका २०१५ पासून केवळ अर्हतेपुरती राहिली. २०० पैकी ६६ गुण मिळाले की पुरे. परंतु ते ६६ मिळाले नाहीत तर इतिहास-भूगोलाचा पहिला पेपर कितीही उत्तम गेलेला असो, तो मोजला जात नाही. तलाठी आणि पोलीस भरतीतही बौद्धिक चाचणीचा भाग असतोच. सारांश, ज्या नोकरीसाठी आपण पोटाला चिमटा घेऊन मुलाला पुण्याच्या खोलीवर ठेवतो, तिच्या उंबरठ्यावर हे कोडे बसलेले आहे.

आणि याच उंबरठ्यावर आपली मुले अडतात. घरी येऊन ती सांगतात, 'मला तेवढे डोके नाही.' आईवडीलही निःश्वास टाकून म्हणतात, 'उपजत असावे लागते.' या एका वाक्याने जेवढी मुले मागे राहिली असतील, तेवढी दारिद्र्यानेही राहिली नसतील, असे मला अध्यापनातील अनेक वर्षांनंतर वाटते. माझे आजचे सारे सांगणे एवढेच आहे की, ही कोडी उपजत बुद्धीची नसून पद्धतीची आहेत. पद्धत शिकविता येते, आणि ती शिकविण्यास पाटी, खडू व तासाभराची स्वस्थता यांपलीकडे काही लागत नाही.

स्पर्धा-परीक्षा ही आपल्या मातीला परकी वस्तू नव्हे, हे प्रथम सांगतो. येथून रायगडच्या वाटेवर नाते हे गाव आहे. चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी त्या गावी झाला. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत त्यांनी जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्ती पटकावली, १९१८ साली विलायतेत आय. सी. एस. परीक्षेत ते पहिले आले, १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि पुढे स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री झाले. त्या काळच्या परीक्षेचे स्वरूप निराळे होते. तथापि महाड तालुक्यातील गावात जन्मलेले मूल जगाच्या स्पर्धेत पहिले येऊ शकते, हा दाखला आपल्या दाराशी असताना आपण न्यूनगंड बाळगण्याचे कारण नाही.

कोड्यांचे शास्त्रही आपणांस परके नाही. चाळीसगावजवळच्या पाटण येथे ज्यांच्या वंशजांचा शिलालेख आहे, त्या भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'लीलावती' लिहिली. तिच्या अंकपाश-प्रकरणात एक सुंदर प्रश्न आहे. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा व पद्म ही किती प्रकारांनी धरता येतील? उत्तर २४. आणि शंकराच्या दहा हातांत दहा आयुधे? उत्तर ३६,२८,८००. रीत सोपी आहे: एक गुणिले दोन गुणिले तीन, असे शेवटपर्यंत गुणीत जावे. हीच रीत आठवड्याच्या सात वारांना लावली, तर सात कामे सात दिवसांत ५,०४० प्रकारांनी मांडता येतात. पाश्चात्त्य देशांतही हा छंद जुना आहे. १९६२ च्या डिसेंबरात 'लाइफ इंटरनॅशनल' या नियतकालिकात पाच घरांचे, पाच रहिवाशांचे व त्यांच्या पाळीव प्राण्यांचे एक कोडे प्रसिद्ध झाले. झेब्रा कोणाचा, हा त्यातील प्रश्न पुढे जगभर गाजला. आजच्या परीक्षांतील कोडी त्याच कुळातील आहेत.

आता कोडे म्हणजे काय, ते ध्यानात येईल. ५,०४० वाटांपैकी एकच खरी आहे. प्रत्येक विधान काही वाटा बंद करते. अखेरीस एक उरते. कोडे सोडविणारा उत्तर 'शोधीत' नाही, तो चुकीच्या वाटा बंद करीत जातो. एवढा दृष्टिभेद झाला की अर्धे काम झाले.

आपल्याच परिसरातील एक कोडे मी रचून आणले आहे. विद्यार्थ्यांनी कागद-पेन्सिल काढावी, माता-भगिनींनीही काढावी.

सोमवार ते रविवार या सात दिवसांत बिरवाडी, नाते, वरंध, दासगाव, पाचाड, विन्हेरे आणि वाळण या सात गावी, दररोज एका गावी, आरोग्य शिबिर झाले. विधाने पाच आहेत.

पहिले : वाळणचे शिबिर बिरवाडीच्या नंतर केव्हातरी झाले.
दुसरे : विन्हेऱ्याचे शिबिर सोमवारी झाले नाही व रविवारीही झाले नाही.
तिसरे : नात्याचे शिबिर बिरवाडीच्या लगेच दुसऱ्या दिवशी झाले.
चौथे : दासगावचे शिबिर वरंधच्या आधी झाले, आणि त्या दोहोंच्या मध्ये नेमकी दोन शिबिरे झाली.
पाचवे : पाचाडचे शिबिर गुरुवारी झाले.

प्रश्न : शनिवारी शिबिर कोठे झाले?

नवशिका विद्यार्थी काय करतो? तो पहिल्या विधानापासून प्रारंभ करतो, कारण ते पहिले आहे. वाळण बिरवाडीनंतर, म्हणजे सोमवारी बिरवाडी आणि मंगळवारी वाळण असेल का? की बुधवारी? येथेच तो गोंधळतो. या विधानाने ५,०४० पैकी निम्म्याच वाटा बंद होतात. २,५२० उघड्याच राहतात. दुसऱ्यापासून आरंभ केला तर ३,६०० उरतात. उलट शेवटी लपवून ठेवलेल्या पाचव्या विधानापासून सुरुवात केली, तर एका फटक्यात केवळ ७२० उरतात. परीक्षक विधाने जाणूनबुजून उलटसुलट लिहितो. म्हणून पहिला नियम असा : विधाने वाचावीत छापलेल्या क्रमाने, वापरावीत स्वतःच्या क्रमाने. आधी नक्की वार सांगणारे, मग जोडी बांधणारे, मग अंतर सांगणारे, मग नकाराचे, आणि सर्वांत शेवटी 'आधी' किंवा 'नंतर' एवढेच मोघम सांगणारे.

आता या क्रमाने जाऊ. सात वार एकाखाली एक लिहा. गुरुवारपुढे पाचाड मांडा. बिरवाडी व नाते ही जोडी सुटी होऊ शकत नाही. तिला दोन लागोपाठचे मोकळे वार हवेत. गुरुवार भरलेला आहे, म्हणून जोडीला चारच जागा : सोम-मंगळ, मंगळ-बुध, शुक्र-शनि किंवा शनि-रवि. उरलेल्या वाटा ९६.

पुढे चौथे विधान. दासगाव व वरंध यांच्यामध्ये दोन शिबिरे, म्हणजे वरंध हे दासगावनंतर तिसरे घर. दासगाव सोमवारी असेल तर वरंध गुरुवारी येईल, पण तेथे पाचाड आहे. दासगाव गुरुवारी असणे तर शक्यच नाही. म्हणून दोनच पर्याय : मंगळवारी दासगाव व शुक्रवारी वरंध, किंवा बुधवारी दासगाव व शनिवारी वरंध. हे दोन पर्याय जोडीच्या चार जागांशी ताडून पाहा. जोडी मंगळ-बुध असेल तर दासगावला जागाच राहत नाही. जोडी शुक्र-शनि असेल तर वरंधला राहत नाही. उरल्या दोन शक्यता. एकीत बिरवाडी सोमवारी, नाते मंगळवारी, दासगाव बुधवारी, वरंध शनिवारी. दुसरीत दासगाव मंगळवारी, वरंध शुक्रवारी, बिरवाडी शनिवारी, नाते रविवारी. ९६ वाटांच्या चार झाल्या.

येथे दुसरा नियम येतो : दोन शक्यता उरल्या की दोन्ही शेजारी-शेजारी लिहाव्यात, एकीवर भरवसा ठेवून दुसरी पुसू नये. पुष्कळ मुले जी शक्यता आधी सुचते तीच खरी धरून पुढे धावतात आणि शेवटी विरोध आला की सारे पुसून पुन्हा आरंभ करतात. वेळ जातो तो येथे.

पहिल्या शक्यतेत शुक्रवार व रविवार मोकळे आहेत. विन्हेरे रविवारी नाही, म्हणून ते शुक्रवारी आणि वाळण रविवारी. दुसरीत सोमवार व बुधवार मोकळे आहेत. विन्हेरे सोमवारी नाही, म्हणून ते बुधवारी आणि वाळण सोमवारी. आता दोनच मांडण्या उरल्या, आणि सुरुवातीस निरुपयोगी वाटलेले पहिले विधान येथे न्यायाधीशासारखे उभे राहते. वाळण बिरवाडीनंतर हवे. दुसऱ्या मांडणीत वाळण सोमवारी व बिरवाडी शनिवारी आहे, म्हणून ती बाद. उरली एक : सोमवारी बिरवाडी, मंगळवारी नाते, बुधवारी दासगाव, गुरुवारी पाचाड, शुक्रवारी विन्हेरे, शनिवारी वरंध, रविवारी वाळण. शनिवारचे उत्तर वरंध. ५,०४०, ७२०, ९६, ४, २, १ अशी ही उतरण आहे. यात कोठे उपजत प्रतिभा लागली? लागला तो केवळ क्रम आणि धीर.

तिसरा नियम भाषेचा आहे, आणि मराठी माध्यमाच्या मुलांनी तो विशेष जपावा. आपल्या बोलण्यात दिवस मोजण्याच्या दोन रीती आहेत. बारसे बाराव्या दिवशी म्हणतो तेव्हा आपण जन्माचा दिवस पहिला धरतो. सोमवारी जन्मलेल्या बाळाचा बारावा दिवस पुढच्या आठवड्यातील शुक्रवार. परंतु 'बारा दिवसांनी' म्हटले की जन्मवार मोजावयाचा नाही आणि उत्तर शनिवार येते. 'आठ दिवसांनी भेटू' म्हणताना आपल्या मनात पुढचा तोच वार असतो. परीक्षेत मात्र सोमवारनंतर आठ दिवसांनी मंगळवार येतो. तद्वत सोमवारपासून 'तिसऱ्या दिवशी' म्हणजे बुधवार, 'तीन दिवसांनी' म्हणजे गुरुवार, आणि 'मध्ये तीन दिवस सोडून' म्हणजे शुक्रवार. तीन शब्दप्रयोग, तीन वार! 'परवा' हा शब्द तर मागे व पुढे दोन्हीकडे तोंड करून उभा असतो. क्रियापद पाहिल्यावाचून त्याचा अर्थ लावू नये. 'नंतर' आणि 'लगेच नंतर' यांतील अंतर वर पाहिलेच. असे शब्दप्रयोग वहीच्या एका पानावर लिहून काढावेत व तोंडपाठ करावेत.

चौथा नियम वेळेचा. २० मिनिटांत ३५ प्रश्न, म्हणजे प्रश्नामागे सुमारे ३४ सेकंद. एका कोड्यावर पाच प्रश्न असतील, तर त्याच्या वाट्याला तीन मिनिटेसुद्धा पूर्ण येत नाहीत. म्हणून कोडे वाचताच पाहावे : नक्की वार सांगणारे विधान एकही नाही, आणि सारी विधाने मोघम आहेत, तर ते कोडे तूर्त सोडून पुढे जावे. सोडून देणे हा पराभव नव्हे. घाटात समोरून मोठी गाडी आली की जाणता ड्रायव्हर कडेला थांबतो, तसेच हे.

अंदाजाविषयीही हिशेब सांगतो. बँकांच्या परीक्षेत पाच पर्याय असतात आणि चुकीच्या उत्तरास पाव गुण कापला जातो. डोळे मिटून पाच प्रश्नांना खुणा केल्या, तर सरासरीने एक बरोबर येईल व चार चुकतील. एक गुण मिळेल आणि चार पाव, म्हणजे एक गुण, जाईल. हाती शून्य! दिल्लीच्या परीक्षेत पर्याय चार व कपात एक-तृतीयांश. तेथेही फळ शून्यच. परीक्षकाने हिशेब करूनच ही कपात ठेवली आहे. परंतु एखादा पर्याय खात्रीने बाद करता आला, तर पारडे किंचित आपल्याकडे झुकते. अर्धवट सुटलेले कोडेही म्हणून वाया जात नाही.

मित्रहो, ही विद्या केवळ परीक्षागृहापुरती आहे असे समजू नका. आपल्या महाड आगारात कोणता चालक व वाहक कोणत्या गाडीवर, कोणती गाडी कोठे मुक्कामाला, कोणाची सुटी कधी, हे ठरविणारा माणूस रोज असेच कोडे सोडवितो. येथील औद्योगिक वसाहतीत पहिली पाळी, दुसरी पाळी व रात्रपाळी लावणारा पर्यवेक्षकही तेच करतो. १९९८ साली पूर्णपणे सुरू झालेली कोकण रेल्वे पाहा. रोह्यापासून वीरपर्यंतचा मार्ग २०२१ साली दुहेरी झाला, परंतु पुढे करंजाडी-विन्हेऱ्याकडे एकाच रुळावरून दोन्ही दिशांच्या गाड्या जातात. समोरासमोरच्या दोन गाड्यांना ओलांडण्यासाठी एकीला कोठल्या तरी स्थानकात थांबावेच लागते. आणि पावसाळ्यात वेग कमी केला की सारे गणित नव्याने मांडावे लागते. आणि लग्नघरात कोणत्या दिवशी हळद, कोणत्या दिवशी देवक, पाहुणे कोणाकडे उतरवावयाचे, याची मांडणी करणारी गृहिणी ही तर या शास्त्राची जन्मजात पंडिता होय. तिला कोणी 'तुला डोके नाही' म्हणत असेल, तर त्याने एकदा तिच्या जागी उभे राहून पाहावे. अशा घरातील मुलींना मी मुद्दाम सांगतो, ही कोडी तुमचीच आहेत.

आता पालकांस दोन स्पष्ट शब्द. ओळखीच्या एका कुटुंबाने भातशेतीचा तुकडा गहाण टाकून मुलाला शहरात शिकवणीस ठेवले. वर्ष गेले, दुसरे गेले. मुलगा अभ्यासू होता, परंतु तर्कशक्तीच्या भागात तो दर वेळी थोडक्याने मागे राहिला. त्या वर्गात कोडी फळ्यावर भराभर सोडवून दाखवीत. मुलाच्या हातून कोणी सोडवून घेतली नाहीत. पोहणे काठावरून पाहून येत नाही, सावित्रीत उतरावेच लागते. मी शिकवणीच्या विरुद्ध नाही. परंतु शेत गहाण टाकण्यापूर्वी मुलाने घरी बसून शंभर कोडी स्वतःच्या हाताने सोडविली आहेत काय, एवढे विचारा. प्रारंभी घड्याळ लावू नये. रोज दोन कोडी, पूर्ण, कितीही वेळ लागो. मांडणी हातात बसली की घड्याळ समोर ठेवावे. सुटलेल्या कोड्याखाली कोणत्या विधानापासून आरंभ केला ते लिहावे. न सुटलेल्याखाली कोठे अडले ते लिहावे. अशी वही भरली की मुलाचे बळ किती, हे मुलालाही कळते व आपल्यालाही. आणि किती वर्षे प्रयत्न करावयाचे, हेही आरंभीच ठरवावे. जागा थोड्या आणि उमेदवार अगणित असतात. न मिळालेली नोकरी हा मुलाच्या योग्यतेवरचा निवाडा नव्हे. हातचा दुसरा मार्ग तोडून बसू नये.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवतो. आपली सभागृहाची खोली वर्षातील बहुतेक दिवस बंद असते. ती संध्याकाळी दोन तास अभ्यासिका म्हणून उघडावी. एक फळा, चार बाके आणि दिवा एवढेच साहित्य पुरे. निवृत्त शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले बांधव, सुटीला आलेले तरुण यांनी पाळीने एकेक दिवस यावे; फळ्यावर रोज एक नवे कोडे असावे. आणि या खोलीचे दार केवळ आपल्या ज्ञातीच्या मुलांसाठी उघडू नये, गावातील प्रत्येक मुलासाठी उघडावे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, ते याच महाडात. त्या तालुक्यात राहून विद्येच्या पाणवठ्यावर आपण पाटी लावू लागलो, तर इतिहास आपणांस क्षमा करणार नाही. शिवाय दुसऱ्यास समजावून सांगताना आपले मूल अधिक शिकते, हा व्यवहारही विसरू नये.

ही सूचना कार्यकारी मंडळाने आगामी बैठकीत विचारार्थ घ्यावी, अशी विनंती करतो. पहिल्या महिन्याची कोडी रचून देण्याचे काम मी आनंदाने पत्करतो.